साडेतीन स्टार: सोलापुरातल्या एका पाणी-माती टेस्टिंग लॅबचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. टेस्टिंग चांगलं, आत बसणारी माणसं हुशार, काऊंटर बोगस, आणि रिपोर्ट असा छापतात की चांगल्या शिकलेल्या माणसालाही वाटावं सगळं ओके आहे. लॅबचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही, शिवाय तुम्ही दुसरीकडं कुठं गेलात तरी विचारायचे प्रश्न हेच राहणार.

आमचं घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. प्यायला कॉर्पोरेशनचं आणि वापरायला बोअरचं असा हिशोब. कॉर्पोरेशनचं पाणी रोज येत नाही हे सोलापूरकराला काय सांगायचं, आलं की हौद भरायचा, तो पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचा, उन्हाळ्यात पुरत नाही मग बोअर त्याच टाकीत सोडायचं आणि शेवटी कुणाच्या ग्लासात काय आलंय ते कुणालाच माहीत नाही. गल्लीत दोघा-तिघांची पोटं बिघडली की सगळे म्हणणार ड्रेनेज मिक्स झालंय, चार दिवस उकळून पिणार, मग विसरणार.

टेस्ट करायचं डोक्यात आलं ते एका आरओवाल्यामुळं. दारावर आला, पाण्यातले क्षार मोजायचं पेन बुडवलं, आकडा हजाराच्या वर, आई घाबरली. मग त्यानं दुसरा खेळ काढला, तो तुम्ही पण बघितला असेल. दोन ग्लास, एकात आमच्या बोअरचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, त्यात सळ्यावालं यंत्र बुडवायचं आणि प्लग लावायचा. मिनिटाभरात आमच्या ग्लासात हिरवट तपकिरी गाळ तरंगायला लागला आणि त्याचं पाणी तसंच स्वच्छ. आई म्हणाली अगं बाई, हे पितोय आपण! आता यात भानगड अशी आहे की त्या सळ्यांमधल्या काही लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की करंट जातो, करंट गेला की लोखंडच विरघळतं आणि जो गाळ दिसतो तो त्या लोखंडाचाच गंज. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात म्हणून करंट जात नाही म्हणून गाळ नाही. मी त्याला म्हटलं तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकतो, परत लावा. त्यानं यंत्र आवरलं आणि पुढची गल्ली धरली.

पेनचं पण तसंच. ते पाण्यातून करंट किती जातो एवढंच मोजतं आणि एका ठरलेल्या फॅक्टरनं गुणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवतं. तो क्षार कॅल्शियमचा आहे, साधं मीठ आहे का नायट्रेट आहे ते त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. कीटकनाशक पाण्यात असलं तरी लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या भाषेत असतं, त्यानं पेनवरचा आकडा हलणार पण नाही. म्हणजे शंभर टीडीएसचं पाणी आजारी पाडू शकतं आणि हजाराचं पाणी नुसतं चवीला खारट असू शकतं. तरी आख्खं शहर या एका आकड्यावर फिल्टर घेतंय.

तर लॅब. काऊंटरवरच्या पोरानं विचारलं काय करायचंय, म्हटलं बोअर आणि हौद दोन्हीचं पाणी बघायचंय, खराब करणारं काय काय आहे त्यात ते. तो म्हणाला, "का करलालाव सर एवढं, टीडीएस हार्डनेस बघा की, बास हाय." मी ऐकेना म्हटल्यावर "कंप्लीट पॅनल" नावाचं पॅकेज दाखवलं आणि पाणी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत आणा म्हणाला. इथंच एक स्टार गेला. नशिबानं आतून एक मॅडम आल्या, केमिस्ट, त्यांनी ते ऐकलं आणि त्याला तिथंच थांबवलं.

मॅडमनी जे सांगितलं ते इथं लिहितो कारण पैसे खरे तिथं वसूल झाले. जंतूंसाठी बाटली लॅबच देते, निर्जंतुक केलेली, आणि कॉर्पोरेशनच्या पाण्यासाठी असेल तर आत थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. का तर पाण्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीत पण जंतू मारत बसतं आणि लॅबला पोचेपर्यंत रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो, थायोसल्फेट त्या क्लोरीनला थांबवतं. म्हणून ती बाटली आधी विसळायची नाही, आपली सवय असते विसळायची. नळाची जाळी काढायची, तोटी स्पिरिटनं पुसायची, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, झाकणाला आतून हात नाही लावायचा, बाटली काठोकाठ भरायची नाही, आणि बर्फाच्या डब्यात घालून शक्य तितक्या लवकर आणून द्यायची. जड धातूंसाठी वेगळी बाटली, त्यात नायट्रिक ॲसिड टाकतात नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि पाण्यात कमी दिसतात. म्हणजे रिकाम्या बाटलीत घरून पाणी नेऊन जो रिपोर्ट येतो त्यातलं जंतूंचं पान सरळ फाडून टाका.

मग त्यांनी मला उलटा प्रश्न केला: "बोअरच्या आसपास काय आहे?" हा प्रश्न काऊंटरवर विचारायला पाहिजे खरं तर. कारण कंप्लीट पॅनल हे नाव फसवं आहे, त्यात शिसं नव्हतं, आर्सेनिक नव्हतं, कीटकनाशक तर कुठंच नव्हतं. ब्लड टेस्टचं असतं तसंच हे, थायरॉईड लिहून दिलं नाही तर थायरॉईड येत नाही, आणि आलं नाही म्हणजे नॉर्मल असं पण नाही. सगळं टेस्ट करा म्हणून कुठलीही लॅब करून देत नाही, हजारो केमिकल आहेत, तुम्हीच सांगायचं कशावर संशय आहे.

आमच्या आसपास काय आहे? एका अंगाला एमआयडीसी, टॉवेल-चादरीचं काम, रंगाईवाले. दुसऱ्या अंगाला नवीन प्लॉटिंग, अजून ड्रेनेज लाईन नाही म्हणून प्रत्येकाचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. मॅडम म्हणाल्या आर्सेनिकवर पैसे घालवू नका, तो मोठा प्रॉब्लेम गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीतला आहे, आपल्याकडं खाली काळा बेसाल्ट. त्यापेक्षा नायट्रेट, सोडियम, क्लोराईड, सल्फेट, फ्लोराईड, सीओडी (पाण्यात सेंद्रिय घाण किती ते सांगणारा आकडा), रंग, क्रोमियम आणि शिसं एवढं करा. आणि लगेच हे पण सांगितलं की टीडीएस जास्त आला म्हणून रंगाईवाल्यांच्या नावानं ओरडू नका. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाला मीठ भरपूर लागतं, गडद रंगाला लिटरमागे ५०-६० ग्रॅम सहज, आणि ते मीठ नेहमीच्या ट्रीटमेंट प्लांटमध्ये निघत नाही हे खरं. पण कमी पावसाच्या भागात खोल बोअरचं पाणी मुळातच क्षारट असतं, ते पण खरं. फरक कळायला सोडियम-क्लोराईड किती, रंग आहे का, सीओडी वाढलाय का हे एकत्र बघावं लागतं. मला हे आवडलं, कारण आमच्या गल्लीतल्या अण्णांनी केस आधीच निकालात काढली होती की सगळी घाण फॅक्टरीची.

रिपोर्ट सांगितलेल्या दिवशी आला, मेलवर पीडीएफ, याचे पूर्ण मार्क. बोअर (आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये): टीडीएस हजाराच्या थोडा वर, हार्डनेस पाचशेच्या पुढं, रंग-क्रोमियम काही नाही, सीओडी नगण्य, आणि नायट्रेट साठच्या वर. म्हणजे अण्णांची फॅक्टरी सुटली आणि अडकले आपणच, आपले शोषखड्डे. नायट्रेट मैल्यातून येतं, युरियातून येतं, इथं शेत नाही तेव्हा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

आता रिपोर्टवर राग का ते ऐका. पाण्याचा जो भारतीय स्टँडर्ड आहे, आयएस १०५००, २०१२ चा, त्यात दोन मर्यादा असतात. एक चालण्याजोगी, आणि एक दुसरा कुठला सोर्सच नसेल तर नाइलाजानं चालवून घ्यायची. टीडीएसला पहिली ५०० आणि दुसरी २०००. हार्डनेसला २०० आणि ६००. या लॅबनं रिपोर्टात फक्त दुसरी छापलीय! त्यामुळं आमचं हजार टीडीएसचं पाणी २००० च्या आत, हिरवं टिकमार्क, हार्डनेस ६०० च्या आत, हिरवं टिकमार्क. नायट्रेटला मात्र स्टँडर्डमध्ये सूटच नाही, ४५ म्हणजे ४५, तिथं तेवढा एक लाल शेरा बारीक अक्षरात, आणि खाली एकंदर निष्कर्ष काय तर "एक घटक सोडता पाणी मर्यादेत". तो एक घटकच तर महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं तर नायट्रेटमुळं रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन न्यायची ताकद जाते, बाळ निळं पडतं. आमच्याच लाईनीत एक ओली बाळंतीण आहे. आणि आपला घरगुती उपाय काय, उकळा! उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट कुठं जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं. यूव्हीवाल्या फिल्टरनं पण जात नाही. आरओनं बऱ्यापैकी जातं. म्हणजे शेवटी आरओवाला बरोबर निघाला पण भलत्याच कारणानं, हे मी त्याला सांगणार नाही.

दुसरा राग बीडीएल या तीन अक्षरांवर. शिशासमोर छापलं होतं बीडीएल, म्हणजे मशीनला जेवढं दिसू शकतं त्याच्या खाली. लोक ते शून्य असं वाचतात. मी मेल करून विचारलं तुमच्या मशीनला कमीत कमी किती दिसतं, उत्तर आलं ०.०५. अरे पण शिशाची मर्यादाच ०.०१ मिलिग्रॅम आहे! म्हणजे मर्यादेच्या चौपट शिसं असतं तरी रिपोर्टात बीडीएलच आलं असतं. मॅडमना फोन केला तर त्यांनी सरळ मान्य केलं की जुन्या मशीनवर घेतलंय, नवीन मशीन असलेल्या लॅबला पाठवून देते, जादा पैसे नको. पाठवलं, नीट आकडा आला, मर्यादेच्या आत. यासाठी अर्धा स्टार परत दिला. पण मी विचारलं नसतं तर? लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा शिक्का बघितला की आपण गप्प बसतो, पण तो शिक्का आख्ख्या लॅबला नसतो, एकेका टेस्टला असतो. सर्टिफिकेटला जी यादी जोडलेली असते ती मागा, त्यात तुमची टेस्ट आहे का बघा.

हौदाच्या पाण्याचं थोडक्यात: क्षार एकदम कमी, पेन लावलं असतं तर आरओवाला पण खूश झाला असता, आणि कोलिफॉर्म, म्हणजे बाहेरची घाण शिरल्याची खूण असलेले जंतू, सापडले. थेट मैल्यातून येणारा ई-कोलाय नाही, तेवढं बरं. उरलेला क्लोरीन शून्य. नळाला पाणी येतं तेव्हा त्यात ०.२ तरी क्लोरीन असायला पाहिजे पण हौदात दिवसेंदिवस राहिल्यावर तो उडून जातो. आणि पाणी सुटल्याबरोबर आपण सगळे लाईनला डायरेक्ट मोटार लावतो ना, रिकाम्या पाईपला ओढ बसली की जिथं सांधा ढिला असेल तिथून गटारीचं पण आत येतं. हे कुणाला सांगायची सोय नाही, गल्लीत भांडण होतं.

माती. सासऱ्यांची डाळिंबाची बाग आहे उत्तर सोलापूर तालुक्यात, म्हटलं आलोच आहे तर ती पण देऊ. सासरे म्हणाले, "जावईबापू, मातीला काय रोग व्हतो व्हय? औषिद झाडावर मारलंय, मातीवर कुठं मारलंय." त्यांच्याकडं सॉईल हेल्थ कार्ड आहे, २०१५ ची स्कीम, त्यात बारा गोष्टी असतात: नत्र स्फुरद पालाश, गंधक, जस्त लोह तांबं वगैरे, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चांगली गोष्ट आहे पण नीट बघा, ते सगळं जमिनीत काय कमी आहे ते शोधायला आहे. काय जास्त झालंय, कुठल्या औषधाचा अंश राहिलाय, ते त्यात नाहीच.

डाळिंबवाल्यांना तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा बॅक्टेरियाचा रोग, माहीत आहे. तेल्या आला की बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराईड ही तांब्याची औषधं, वर स्ट्रेप्टोसायक्लीन जी सरळ सरळ अँटिबायोटिक आहे. मोरचूद-चुन्याचं बोर्डो फ्रान्समध्ये १८८५ पासून द्राक्षाला वापरतात, म्हणजे नवीन काही नाही, पण तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, विघटन होत नाही, पानावरून ओघळून खाली येतं आणि वरच्या थरात साठत जातं, गांडुळांना आणि जमिनीतल्या जंतूंना ते मानवत नाही. सँपल घ्यायची पद्धत पोरानं नाही सांगितली, परत मॅडमनीच: खत टाकलेल्या जागी नको, बांधाजवळ नको, बागेत ठिकठिकाणी खड्डा करून वरची आणि खालची माती वेगवेगळी, सगळी मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे असं अर्धा किलो राहीपर्यंत, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची तर लोखंडी खुरप्याला लागलेली माती नको, शेवटी लाकडानं किंवा प्लास्टिकनं खरवडून घ्यायची.

रिपोर्ट आला, तांबं: "पुरेसे". बस. जमिनीत उपलब्ध तांबं ०.२ पीपीएमच्या खाली गेलं तर कमतरता धरतात, सासऱ्यांच्या वरच्या थरात ते त्याच्या कितीतरी पट होतं आणि खालच्या थरात निम्म्याहून कमी. पुरेसे! सासरे खूश, बघा म्हणाले, भरपूर आहे. मी दोन थरांचे आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले तेव्हा मात्र गप्प झाले, म्हणाले खाली नाय आन वर हाय म्हंजी आपणच ओतलंय की.

कीटकनाशकाच्या अंशाची टेस्ट या लॅबमध्ये होत नाही, बाहेर पाठवतात, साध्या पॅकेजच्या कितीतरी पट महाग आणि वेळ पण लागतो. आम्ही केली नाही. सासऱ्यांचे द्राक्षवाले पाहुणे मात्र या टेस्टला सरावलेले, कारण २०१० ला युरोपनं क्लोरमेक्वाट या वाढ रोखायच्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली होती तेव्हा भल्याभल्यांचे कंटेनर अडकले. तेव्हापासून एक्स्पोर्टचा माल टेस्ट झाल्याशिवाय हलत नाही. घरी खायच्या घडाची टेस्ट कोण करतं हा प्रश्न मी विचारला, तो त्यांना आवडला नाही.

एक गोष्ट राहिली. उजनी धरणातली चिलापी मासळी आमच्या घरी आवडीनं होते, आणि उजनीत भीमेबरोबर पुणे-पिंपरीकडचं काय काय वाहत येतं हे सगळ्यांनाच माहीत, तर मी मॅडमना विचारलं की पाण्याचा रिपोर्ट चांगला आला तर मासा चांगला समजायचा का. त्या नाही म्हणाल्या. पाऱ्यासारखी वस्तू पाण्यात बीडीएल असते, शेवाळात थोडी जास्त, ते खाणाऱ्या बारक्या माशात आणखी जास्त, मोठ्या शिकारी माशात पाण्याच्या लाखो पट. जपानात मिनामाताला १९५६ ला जो आजार उघडकीला आला तो लोकांनी पाणी पिऊन नाही, खाडीतले मासे खाऊन झालेला. उजनीच्या माशात पारा आहे असं मी म्हणत नाहीये बरं का. मासा तपासायचा तर मासाच तपासावा लागतो एवढंच. गिधाडांचं तर पाण्याशी घेणंदेणंच नव्हतं, जनावराला दुखण्याचं डायक्लोफेनॅक टोचलं, ते मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांच्या किडन्या गेल्या. कारण सापडलं २००४ ला, जनावरांसाठी बंदी आली २००६ ला, तोपर्यंत गिधाडं जवळपास संपली होती. नान्नजला माळढोक बघायला जाणाऱ्यांनी आजूबाजूच्या शिवारात काय फवारतात ते पण बघत जावं, तो पक्षी नाकतोडे-टोळ खातो.

मासा टेस्ट करायला ही लॅब घेते, फूडच्या रेटनं, रेट ऐकून चिलापी गोड लागेनाशी झाली, सोडून दिलं.

पैसे घालवायचे नसतील तर सरकारी लॅब आहेत, भूजल सर्वेक्षणवाल्यांची आहे, खेडेगावात ग्रामपंचायतीकडं जलजीवनचं टेस्टिंग किट असतं आणि गावातल्याच बायकांना शिकवलेलं असतं. त्यातली काळी पडणारी बाटली, म्हणजे एचटूएसची, मला फार आवडते. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसात काळं पडलं तर मैल्याचं काहीतरी मिसळलंय असं धरायचं. १९८२ ला आपल्याच देशातल्या लोकांनी काढलेली पद्धत आहे, ना मशीन ना लाईट. आकडा देत नाही पण हौदासाठी आकडा पाहिजे कुणाला, आहे का नाही एवढंच कळलं तरी बास.

आम्ही काय केलं: हौद घासून ब्लिचिंग मारलं, बोअर प्यायच्या टाकीपासून कायमचं तोडलं, बाळंतिणीच्या घरी अण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं. बोअरचं सँपल पावसाळ्यानंतर परत द्यायचंय, पाणी मुरल्यावर नायट्रेट खाली येतं का वर जातं ते बघायला, शोषखड्डे जवळ असतील तर वर पण जाऊ शकतं.

जाणार असाल तर काऊंटरवर वेळ घालवू नका, सरळ केमिस्टला भेटायचंय म्हणा. रिपोर्टात दोन्ही मर्यादा आणि मशीनची कमीत कमी मर्यादा छापून द्या असं पैसे भरायच्या आधी सांगा, नंतर सांगितलं तर सॉफ्टवेअरमध्ये नाही म्हणतात. जंतूंचं सँपल शुक्रवार-शनिवार घेत नाहीत कारण ते दोन दिवस उबवायला ठेवावं लागतं आणि रविवारी बघायला कुणी नसतं. यूपीआय चालतं, बिल मागून घ्यावं लागतं. पार्किंग नाही, गाडी समोरच्या टायरवाल्याकडं लावली तर तो काही बोलत नाही.